‘हॅकनीड’ म्हणजे हॅक नव्हे

लोअर परळच्या एका जाहिरात एजन्सीत मी मजकूर तपासते. उन्हाळ्याच्या तोंडावर एका बिल्डरच्या टॉवरचं इंग्रजी ब्रोशर त्यांच्या लंडनच्या सल्लागाराकडे गेलं होतं. सकाळी त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: मजकूर ‘हॅकनीड’ आहे. बिल्डरकडच्या मार्केटिंगच्या साहेबांनी ते लोकलमध्ये लोंबकळत वाचलं असावं. त्यांना त्यातलं ‘हॅक’ तेवढं दिसलं. मी ऑफिसात पोचेपर्यंत आयटीवाल्या पोराने सर्व्हर बंद करून सगळ्यांचे पासवर्ड बदलले होते.

“कस्टमरचा डेटा गेला का, ते आधी सांगा!” साहेब फोनवर ओरडत होते.

“सर, काहीही गेलेलं नाही. मजकूर घासून गुळगुळीत झालाय, असं म्हणतोय तो.”

त्यावर ते आणखी भडकले. “म्हणजे कॉपी मारलीत? कुणाची?”

खरी पंचाईत इथे होती. एखाद्या कामावर दुसऱ्या कुणाची छाप उघड दिसली, की इंग्रजीत त्याला ‘डेरिव्हेटिव्ह’ म्हणतात, तिथे ‘कुणाची?’ विचारता येतं. (दलाल स्ट्रीटवरचे डेरिव्हेटिव्ह निराळे, ते लोकांची झोप उडवतात.) ‘हॅकनीड’मध्ये चोर नसतोच. हॅकनी म्हणजे पूर्वी इंग्लंडात भाड्याने मिळणारा सवारीचा घोडा. पैसे टाकावेत आणि पिटाळावा. भाड्याची गाडी ‘हॅकनी कॅरेज’ झाली. लंडनच्या टॅक्सीला कायद्यात आजही हेच नाव आहे. आपल्या मुंबईच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या त्याच गोतावळ्यातल्या, ज्या २०१५ साली हायकोर्टाने बेकायदा ठरवल्या. तर ज्याने त्याने दामटून थकवलेली शब्दयोजना, कथानक, विनोद यांना हे विशेषण लागतं.

साहेबांना हे पटेना. मग मी ब्रोशरचं पहिलं पान उघडलं: ‘शहराच्या हृदयात, तरीही गजबजाटापासून दूर’. शेजारी त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या टॉवरच्या होर्डिंगचा फोटो ठेवला. शब्दाला शब्द तेच. आणि त्यांनीही आमचं चोरलं नव्हतं.

दुपारी साइटवर जाऊन नवा मजकूर लिहिला: ‘करी रोड स्टेशन सात मिनिटांवर. एप्रिलमध्ये वाऱ्यावर लालबागच्या मिरची कांडपाचा ठसका.’ ठसका सेल्सवाल्यांनी तिथल्या तिथे उडवला. सात मिनिटं वकीलबाईंनी अडवली. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १२ त्यांना तोंडपाठ. जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्याचं नुकसान झालं, तर बिल्डरला भरपाई द्यावी लागते.

“सात मिनिटं कुणाच्या चालीने?” त्या म्हणाल्या. “‘शहराच्या हृदयात’वर मात्र कुणी केस टाकल्याचं मी तरी ऐकलं नाही. तेच ठेवा ना!”

शेवटी ‘करी रोड स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर’ असं छापलं. हेही तसं गुळगुळीतच, पण लंडनहून त्यावर काही आलं नाही.