म्हशी, पान्हा आणि इलेक्ट्रिक डर्ट बाइक

जानेवारी 2024 मध्ये पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस, म्हणजे स्टेडियमात मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत होणारी बाइक शर्यत, बघून आलो, तर दोन दिवस कानात घूंऽऽ चाललं होतं. मला आवडतं ते. पण गावाबाहेरचा आमचा सरावाचा ट्रॅक याच आवाजापायी बंद पडला. शेजारच्या गोठ्यातले काका म्हणाले, "अरे, म्हशी पान्हा चोरायला लागल्या!" म्हणजे आवाजाने बिचकून दूध आखडायला लागल्या. यावर काय बोलणार?

यावर उपाय दिसतो तो इलेक्ट्रिक डर्ट बाइकचा. बार्सिलोनाच्या स्टार्क वार्ग या इलेक्ट्रिक बाइकची ताकद 80 हॉर्सपॉवरपर्यंत, 450 सीसीवाल्या पेट्रोल बाइकपेक्षा जास्तच. क्लच नाही, गिअर नाही. उडीनंतर ऐकू येते ती फक्त चेनची खळखळ. क्लचवर दोन बोटं ठेवायची माझी सवय वाया जाणार, हे जिवावर येतं. शिवाय बॅटरी काही कॅनमधून ओतता येत नाही. पण ट्रॅकच उरला नाही, तर पोरं शिकणार कुठे?

काकांना विचारून ठेवलंय. म्हणाले, "आवाज नसेल तर आणा. पण धुळीचं काय?"