शेजारी बसलेला उस्ताद

आज मन कशातच लागत नाहीये, आणि कारण काय तर एक जुना व्हिडिओ. उझबेक गायिका मुनोजात योल्चियेवा गातेय आणि शेजारी तिचे उस्ताद शवकत मिर्झाएव रुबाब नावाचं तंतुवाद्य घेऊन बसलेत. बस्स. गाणं माझ्या ओळखीचं, कितीतरी वेळा ऐकलेलं, पण आज मी तिच्याकडे न बघता त्यांच्याकडेच बघत बसले आणि पोटात कालवलं ते अजून थांबत नाही.

उस्ताद शेजारी बसलाय, एवढंच तर आहे. ही फरगाना खोऱ्यातली, अंदिजानकडची मुलगी, ताश्कंदच्या कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात आली आणि यांच्या हाताखाली शिकली. पुढे नाव झालं, १९९४ ला फ्रान्समध्ये ऑकोरा या रेकॉर्ड कंपनीने सीडी काढली, देशोदेशी मैफली झाल्या, तरी साथीला हेच आणि तिच्या गळ्यासाठी चाली बांधणारेही हेच. झालं तुझं शिकून, आता तुझं तू गा, असं तिला कुणी म्हटलंच नाही का? मला हेवा वाटतोय. तिच्या गळ्याचा नाही, तिच्या शेजारच्या त्या जागेचा.

माझ्या गाण्याच्या बाई जाताना 'येते गं' म्हणाल्या. तानपुऱ्याचं काय करायचं ते... जाऊ दे.

तो काश्गरी रुबाब बघण्यासारखा असतो, लांब मान, मानेच्या मुळाशी दोन वाकडी शिंगं, खाली चामडं ताणलेलं. तिची ओळ चालू असते तेव्हा तीच ओळ तो बारीक बारीक छेडत मागोमाग येतो, आणि ती श्वासाला थांबली की मधली जागा भरतो. मला हेच हवंय, मी थांबले की कुणीतरी ती जागा सांभाळायला हवं. गेले काही दिवस मी रियाजाला बसते आणि थांबले की नुसता पंखा ऐकू येतो.

आणि गातेय काय तर कवी नवाईची गझल, पंधराव्या शतकातली. येणार म्हणून सांगितलेलं माणूस रात्री आलंच नाही, पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा नाही. आजच हे लागायचं होतं.

खरं तर हे गाणं टिकलं हेच केवढं आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला मकामला, म्हणजे तिकडच्या या शास्त्रीय संगीताला, सरंजामी जुनाट प्रकार म्हणून सोव्हिएत सरकारनेच झोडपलं होतं, मग १९५९ ला युनुस राजाबी या संगीतकाराने ताश्कंद रेडिओवर मकाम गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा संच उभा केला, सहा मकामांचं स्वरलेखन करून ठेवलं. मुनोजात जन्मली १९६० ला. दहा वर्षं आधी जन्मली असती तर, असं सारखं मनात येतं. म्हणजे तिलाही ती जागा आयती नाही मिळाली, आधी कुणीतरी ती राखली होती म्हणून मिळाली.

संध्याकाळी व्हिडिओ परत लावला. सुरुवात अगदी खाली, जवळपास बोलल्यासारखी, घाई नाहीच, मग एकेक पायरी वर वर आणि शेवटी तो कळस, त्याला तिकडे अव्ज म्हणतात, तिथे आवाज असा काही ताणला जातो की मी श्वास घ्यायचं विसरते. आणि तिथे रुबाब असून नसल्यासारखाच. उस्ताद मान खाली घालून वाजवतायत, तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. त्यांना माहितीये ती परत खाली उतरणार. त्याच खोऱ्यात कट्टा अशुला गातात, त्यात तर वाद्यच नसतं, हातात बशी धरून मोकळ्या गळ्याने आळीपाळीने गायचं आणि वरच्या टोकाला सगळ्यांनी एकत्र भिडायचं. तेही चालतंच की शतकानुशतकं.

हे लिहिताना जरा हलकं वाटतंय. हेवा आहेच अजून, तो काही जात नाही आणि नाही गेला तरी चालेल.

बाईंना फोनवर गाणं आवडत नाही. तरी उद्या त्यांना हे ऐकवणार आहे, खालच्या सुरातली सुरुवात तरी, तेवढ्यावरूनच त्यांना कळेल ही किती बसलीये ते. आणि विचारणार आहे की येते म्हणालात, पण कधी?