नानांची पेटी

सकाळी दादाचा फोन आला तेव्हापासून कशात लक्ष नाही. नानांची, म्हणजे आमच्या वडिलांची, सुतारकामाच्या हत्यारांची पेटी भंगारात देऊ का, एवढंच विचारलं त्याने, किलोवर घेतात म्हणे. "रात्री सांगते" म्हणून फोन ठेवला आणि मग दिवसभर मीटिंगमध्ये बसून मला दिसत होतं ते इथलं, पॅरिसमधल्या नोत्र दाम चर्चसमोरचं पटांगण, आणि तिथे माझ्या शेजारी उभी असलेली ती आजी.

19 सप्टेंबर 2020. तोंडाला मास्क लावून आम्ही मुद्दाम गेलो होतो. आदल्या वर्षी 15 एप्रिलला आगीत चर्चचं छप्पर गेलं, त्यातल्या ओकच्या सांगाड्याला इथे 'जंगल' म्हणायचे, इतकी झाडं होती त्यात. तो परत जुन्याच पद्धतीने हाताने करता येतो हे दाखवायला सुतार जमले होते. 'शारपांतिए सां फ्रोंतिएर', म्हणजे सीमा न मानणारे सुतार. 1992पासून देशोदेशीचे सुतार असे एकत्र येऊन काम करतात. त्यांनी 7 नंबरची कैची, म्हणजे छप्पर तोलणारी लाकडी तिकोनी चौकट, आधी नॉर्मंडीत बनवून आणली होती. तीन टन वजन, अख्खा ओक कुऱ्हाडीने तासलेला, आणि सांध्यात खिळे नाहीत, लाकडाच्याच खुंट्या. पंचवीसेक जणांनी दोर लावून ती उभी केली. सगळं पटांगण टाळ्या वाजवत होतं. सुतारांसाठी!

माझे डोळे भरले होते. ते बघूनच बहुतेक त्या आजीने विचारलं, तुमच्या घरात कुणी सुतार आहे का?

मी म्हणाले, नाही.

का म्हणाले? पाच वर्षं हेच चाललंय. शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'फर्निचर' लिहायचे, ते एक वेळ समजू शकते, तेव्हा गावात सुताराची मुलगी म्हटल्यावर पंगतीत कुठे… जाऊ दे. पण पॅरिसमध्ये? जिथे लोक सुतारांसाठी टाळ्या वाजवत होते तिथे? कुणाला घाबरले मी? त्या आजीला आमची जात माहीत असायचं कारणच नव्हतं.

त्या रात्री नानांना व्हिडिओ पाठवला. त्यांनी दोनदा बघितला असं आई म्हणाली. मग फोन घेऊन म्हणाले, "लाकूड ओलं दिसतंय गं." मी म्हटलं हो, ओलंच तासतात ते. "मग पिळेल थोडं. पण कुसू नीट काढलं असेल तर सुकताना आवळून बसेल." कुसू म्हणजे सांध्याच्या भोकात बसणारं लाकडाचं टोक. त्या सुतारांना ते आपल्यातलेच धरून बोलत होते, म्हणजे समोर असते तर रंधा हातात घेऊन लगेच कामाला लागले असते असं. आणि मी त्यांना त्या 'नाही'बद्दल सांगितलं नाही. नंतर राहूनच गेलं.

आता ते छप्पर पूर्ण झालंय, डिसेंबर 2024मध्ये चर्च उघडलं, आम्ही जाऊनही आलो. खालून लाकूड दिसतच नाही, दगडी कमानींच्या वर आहे सगळं. मी तरी मान वर करून उभी होते.

मगाशी दादाला फोन केला, म्हटलं पेटी देऊ नकोस, मी येतेय मेमध्ये. तो म्हणाला अगं ठेवायची कुठे, वाळवी लागलीय. म्हटलं मग पेटी जाऊ दे, हत्यारं ठेव. लाकूड तासायचा वाकस, दोन्ही रंधे, पटाश्या, गुण्या. आणि ती कावेत भिजवायची दोरी सापडली तर तीही. आम्ही दोघं त्या दोरीची दोन टोकं धरायचो आणि नाना मधे चिमटीत उचलून सोडायचे, फळीवर तांबडी सरळ रेघ उठायची. त्याला आठवतंय. बराच वेळ त्यावरच बोललो, खूप दिवसांनी.

मग त्याने वाकसाचा फोटो पाठवला. पातं गंजलंय पण शाबूत आहे, दांडा मात्र चिरलाय. नवा कसा बसवायचा मला येत नाही. दादाला विचारलं, त्यालाही येत नाही.