पंजीची जोडी आणि ओसरीवरची फरशी

पतसंस्थेत रोजकीर्द लिहिते त्याला आता बावीस वर्षं होतील. जुळत नाही म्हणजे आपलंच कुठेतरी चुकलंय, हे अंगात इतकं मुरलंय की पत्त्यांच्या एका कोड्यापायी माझे तीन दिवस गेले.

गोदेला पूर आला होता. दुतोंड्या मारुती छातीपर्यंत बुडाला की पंचवटीतल्या आमच्या गल्लीत कोणी कामाशिवाय बाहेर पडत नाही. पुण्याहून आलेला आठवीतला भाचा कंटाळला होता. त्याने कॅटमधून दोन एक्के, दोन दुर्र्या, दोन तिर्र्या काढल्या. "मावशी, सगळे एका ओळीत लाव. दोन एक्क्यांच्या मधे बरोबर एक पत्ता हवा, दुर्र्यांच्या मधे दोन, तिर्र्यांच्या मधे तीन."

पाच मिनिटांत जमलं: ३ १ २ १ ३ २. चव्वीची जोडी घातल्यावर अर्धा तास लागला: ४ १ ३ १ २ ४ ३ २. ओळ उलटी वाचली तर तेच उत्तर, ते सोडलं तर दोन्हींना दुसरं उत्तर नाही. मला चेव आला. "काढ आता पंज्या," मी म्हणाले. भाच्याने काही सांगितलं नव्हतं, ही हौस माझीच.

पहिली संध्याकाळ नुसती इकडचा पत्ता तिकडे करण्यात गेली. एकदा तर हे लागलं: ५ १ ४ १ २ ३ ५ ४ २ ३. सगळं बरोबर, फक्त दुर्र्यांच्या मधे दोनऐवजी तीन पत्ते! इतक्या जवळ आल्यावर झोप कसली येतेय. आई म्हणाली, "पत्ते काढलेच आहेत तर रमी तरी खेळा."

दुसऱ्या दिवशी वही घेतली. दहा जागांत पंज्या चारच तऱ्हेने बसतात: १ आणि ७, २ आणि ८, ३ आणि ९, ४ आणि १०. शेवटच्या दोन म्हणजे पहिल्या दोनच, उलट्या बाजूने पाहिलेल्या. म्हणून दोनच तपासायच्या. त्या प्रत्येकीत चव्व्यांना तीन तऱ्हेने जागा मिळते. म्हणजे सहा फांद्या, आणि सहाही पुढे जाऊन अडल्या. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, उत्तर नाही. मी पुन्हा पहिल्यापासून सगळं ताळून पाहिलं. भाचा म्हणे, कंप्युटरला विचारू. मी नाही म्हटलं. चार अंक उतरते-चढते लावून वजाबाकी करत राहिलं की शेवटी जो येतो तो ६१७४ हा आकडा देवळालीच्या कापरेकर मास्तरांना कागदावर वजाबाक्या करून सापडला, आणि आपल्याला दहा पत्ते हाताने लावता येऊ नयेत?

तिसऱ्या दिवशी लाइट गेली. उजेडासाठी ओसरीवर जाऊन बसलो. तिथली फरशी जुनी, एक काळी एक पांढरी अशी. एकेका फरशीवर एकेक पत्ता मांडत गेले आणि मधेच हात थांबला. दोन्ही एक्के काळ्यावर. उचलून दुसरीकडे ठेवले, तर दोन्ही पांढऱ्यावर. होणारच, मधे एकच फरशी सोडायची म्हटल्यावर रंग तोच येतो. तिर्र्यांचं तेच, पंज्यांचंही तेच. दुर्र्या आणि चव्व्यांचं मात्र उलटं: एक पत्ता काळ्यावर गेला की दुसरा पांढऱ्यावरच पडतो.

आता हिशेब करा. दहा फरश्या, पाच काळ्या आणि पाच पांढऱ्या. दुर्र्या आणि चव्व्यांनी मिळून दोन काळ्या, दोन पांढऱ्या घेतल्या. उरल्या तीन काळ्या, तीन पांढऱ्या. आणि एक्के, तिर्र्या, पंज्यांना तर एकाच रंगाच्या दोन-दोन हव्यात. तीनमधून दोन-दोन कशा काढणार? एक काळी आणि एक पांढरी पडूनच राहणार, पत्ते कसेही लावा.

मी भाच्याच्या पाठीत धपाटा घातला. वाटलं त्यापेक्षा जास्त जोरात बसला. रोजकीर्दीतला फरक शोधला की सापडतो, हा सापडणाराच नव्हता.

छक्क्या घालूनही जमत नाही, तिथेही तीन काळ्या, तीन पांढऱ्याच उरतात. सत्तीची जोडी आली की मात्र चार-चार उरतात, म्हणजे वाट मोकळी. एवढ्यावरून जमेलच असं नाही, पण निदान आडकाठी नाही.

लाइट आल्यावर भाच्याने शोधलं. हे कोडं लँगफर्ड नावाच्या स्कॉटिश गणितज्ञाचं. त्याचा लहान मुलगा रंगीत ठोकळे मांडत होता, त्यावरून त्याला सुचलं, आणि १९५८ मध्ये त्याने ते छापलं. ठोकळ्यांच्या जोड्यांची संख्या चारने भागली जावी किंवा भागल्यावर तीन उरावेत, तरच उत्तर असतं. म्हणजे तीन, चार, सात, आठ, अकरा, बारा. सात जोड्यांची उत्तरं २६, आठांची १५०, उलटी न मोजता.

पूर ओसरला तेव्हा चौदा फरश्यांची ओळ ओसरीभर झाली होती. विषम पत्त्यांच्या दोन जोड्या काळ्यावर, दोन पांढऱ्यावर, हे आधीच ठरवून टाकल्याने पुष्कळ वाटा आपोआप कटल्या. तरी दुपार गेली. १ ७ १ २ ६ ४ २ ५ ३ ७ ४ ६ ३ ५. आईला फरशी पुसायची होती, म्हणून तिला मधल्या पत्त्यांवरून उडी मारून जायला लावलं आणि आधी वहीत उतरवून घेतलं.

बाकीच्या पंचवीसांपैकी भाच्याने पुण्याला जाऊन दोन पाठवलीत. माझं दुसरं अजून लागायचंय.