जमीन एकाची, माड दुसऱ्याचे

जावा बेटावरच्या खेड्यांचा विषय निघाला की मराठी मंडळींचा प्रश्न ठरलेला असतो: "तिकडे जमीन स्वस्त आहे म्हणतात, आपल्याला घेता येते का?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहून टाकतो.

मालकीहक्कानं घेता येत नाही. इंडोनेशियाचा मूळ जमीन कायदा 1960 चा. त्याच्या कलम 21 प्रमाणे पूर्ण मालकी, म्हणजे 'हाक मिलिक', परदेशी माणसाला मिळत नाही. पळवाट शोधणाऱ्यांसाठी कलम 26 आहे: मालकी परदेशी माणसाकडे जावी म्हणून सरळ किंवा आडून केलेला व्यवहार मुळातच रद्द, जमीन सरकारजमा आणि दिलेले पैसे परत मागायचीही सोय नाही. तेव्हा "ओळखीतल्या कुणाच्या नावावर घ्या, त्याच्याकडून कर्जाचा कागद आणि कुलमुखत्यारपत्र लिहून घ्या" असं कुणी सुचवलं, तर त्यात सुचवणाऱ्याचं काय सुटतंय ते आधी बघा. तिथल्या नागरिकाशी लग्न केलं तरी गाडी अडतेच. लग्नानंतरची मालमत्ता सामाईक धरतात, त्यामुळे ती वेगळी ठेवण्याचा करार नसेल तर नागरिक जोडीदाराचीही पंचाईत होते. हा करार पूर्वी लग्नाआधीच करावा लागे. 2016 मध्ये घटना न्यायालयाच्या निकालानं तो नंतरही करता येऊ लागला.

शेतीच्या बाबतीत तर नागरिकांनाही बंधन आहे. आपल्याकडे शेतकरी असल्याचा दाखला लागतो, तिथे राहण्याचं ठिकाण बघतात. 1961 च्या नियमांप्रमाणे मालकानं शेत असलेल्या तालुक्यात किंवा फार तर लगतच्या तालुक्यात राहायला हवं. कागदावर कडक, व्यवहारात ढिलं. जकार्तात नोकरी करून गावी भातखाचरं राखून असलेले लोक सर्रास भेटतात.

हे झालं कायद्याचं. गावातला हिशेब याहून गुंतागुंतीचा, आणि मला विचाराल तर खरी समजून घेण्याची गोष्ट तीच. मध्य जावातल्या बान्युमास जिल्ह्यात, स्लामेत ज्वालामुखीच्या दक्षिण उतारावर चिलोंगोक तालुका आहे. पर्यटक इकडे फिरकत नाहीत. खाली भात, वर माड, आणि घरोघरी नारळाच्या नीरेचा गूळ. जमीन मोजतात उबिनात. एक उबिन साधारण 14 चौरस मीटर, म्हणजे 100 उबिन आपल्या चौदा गुंठ्यांना जरा कमी.

इथे जमीन ज्याची, माड त्याचेच असं धरून चालू नका. माड वेगळे भाड्यानं जातात, वेगळे गहाण पडतात. नीरा काढणाऱ्याला 'पेंदेरेस' म्हणतात. तो सकाळ-संध्याकाळ, दिवसातून दोनदा प्रत्येक माडावर चढतो, पोयीच्या, म्हणजे माडाच्या फुलोऱ्याच्या, टोकाची पातळ चकती उडवतो आणि भरलेलं नळकांडं उतरवून रिकामं बांधतो. बांधण्याआधी त्यात चुना आणि मँगोस्टीनची साल किंवा फणसाच्या लाकडाचा ढलपा घातलेलं पाणी ओतायचं. हे राहिलं तर नीरा माडावरच आंबते, आणि आंबलेली नीरा कितीही आटवली तरी गूळ धरत नाही, चिकट लगदा होतो. चुना जास्त झाला तर गूळ काळवंडतो. म्हणून काही जण सल्फाइटची पूड घालतात. रंग खुलतो, पण सेंद्रिय गूळ घेणारे निर्यातदार असा माल परत पाठवतात. सात-आठ लिटर नीरेचा जेमतेम किलोभर गूळ पडतो.

माड दुसऱ्याचे असतील तर वाटणी 'मारो', म्हणजे अर्धेली. ठरलेले काही दिवस नीरा मालकाची, पुढचे तितकेच दिवस काढणाऱ्याची. ऐकायला न्याय्य वाटतं. पण सरपण काढणाऱ्याचं, चुलीशी तासन्‌तास बसणारी बायको काढणाऱ्याची, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या बुंध्यावरून घसरला तर मोडणारं कंबरडंही त्याचंच. त्यात गूळ विकत घेणारा गावचा व्यापारीच अडीनडीला उचल देतो, आणि उचल घेतली की भाव तो ठरवणार. त्यामुळे माडांसकट जमीन भाड्यानं घेताना एकच विचारा: यांतले कुठले माड आधीच कुणाला लावून दिलेत?

भाताचंही तसंच. उभं पीक व्यापाऱ्याला उक्तं विकायची पद्धत आहे, तिला 'तेबासान' म्हणतात. कापणीच्या आठवडाभर आधी तो बांधावरून फिरतो, अंदाज बांधतो, विसार देतो. कापणी-मळणी त्याची, उरलेली रक्कम नंतर. मध्येच भाव पडला तर तो सूट मागायला येतो, नाहीतर विसार सोडून गायब होतो. आणि पिकलेलं भात थांबत नाही, दाणे झडायला लागतात.

आता कागद. गावच्या कचेरीत 'लेटर सी' नावाची जुनी वही असते. एका पानावर खातेदाराचं नाव, खाली गट क्रमांक, वर्ग (भातशेती असेल तर एस, कोरडी असेल तर डी), क्षेत्र, कर आणि फेरबदलाचं कारण. मुळात ही कराची नोंद, मालकीचा दाखला नव्हे. पुष्कळ ठिकाणी पानावर अजून आजोबाच आहेत, वारस झाले नऊ, आणि प्रत्येक जण आपापला तुकडा तोंडी वाटणीवर कसतो. त्यातून जावातल्या जुन्या पिढीतले पुरुष लग्नानंतर नवं नाव घेत, त्यामुळे वहीतला माणूस आणि ओळखपत्रातला माणूस वेगळे दिसतात. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचा दाखला गावाकडून घ्यावा लागतो. सरसकट नोंदणीची सरकारी मोहीम सुरू झाल्यापासून मालकीचं प्रमाणपत्र काढणं स्वस्त झालंय. जावा-बालीत पूर्वतयारीच्या खर्चाची मर्यादा 2017 मध्ये 1,50,000 रुपिया ठरवली होती. 2021 च्या नियमावलीनं जुने कागद नोंदवायला पाच वर्षं दिली. त्यानंतर त्यांना पुरावा न मानता नुसता संकेत धरायचं. मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांनी हद्दीवर सही करावी लागते, आणि भांडणं निघतात ती तिथेच, कारण दर हंगामाला कुदळीनं बांध थोडा-थोडा तासला गेलेला असतो.

परदेशी माणसाला उरतं ते भाडं, किंवा घरापुरता वापराचा हक्क 'हाक पाकाई': 30 वर्षं, मग 20 ची मुदतवाढ, मग 30 चं नूतनीकरण. पण घराला प्रांतानुसार किमान किंमत ठरवलेली असते आणि खेड्यातली साधी घरं सहसा त्यात बसत नाहीत. म्हणजे राहायचं तर भाड्यानंच. मुक्कामाला आलात की 24 तासांच्या आत वस्तीप्रमुखाकडे, 'पाक एर्तें'कडे, नोंद करायची; वेशीवर तशी पाटीच असते. रात्रीच्या गस्तीवाल्यांसाठी दाराबाहेरच्या डबीत नाणं किंवा मूठभर तांदूळ ठेवायचे. रक्कम किरकोळ, पण डबी रोज रिकामी दिसली तर गावात बोललं जातं.

एका भाडेव्यवहारात मात्र जपून. गावच्या कारभाऱ्यांना मेहनतान्यापोटी पदापुरती जमीन मिळते, तिला 'बेंगकोक' म्हणतात. ती बहुधा पाण्याजवळची, चांगल्या कसाची, आणि भाड्यानं सहज मिळते. पण तो कारभारी तिचा मालक नाही. पैशांची निकड लागली की तो चार-पाच वर्षांचं भाडं आगाऊ घेतो, दुसऱ्या वर्षी पद सुटतं आणि नव्या पदाधिकाऱ्याचे मजूर खाचरात नांगर घालतात. तुमचा करार आधीच्या माणसाशी होता, जमीन पदाची होती. गावकचेरीचे कर्मचारी 60 व्या वर्षी निवृत्त होतात, गावप्रमुखाची मुदत 2024 पासून आठ वर्षांची आहे. तेव्हा पैसे मोजण्याआधी समोरच्याचं वय आणि नेमणुकीची तारीख विचारा, आणि भाडं एका वेळी एकाच वर्षाचं द्या.