तुम्ही विचारलंत म्हणून: हॅरो ‘आपल्या लोकांनी’ फिरवलं का?

मे २०२२ पासून हा प्रश्न माझ्या वाट्याला सारखा येतो. पुण्यातले नातेवाईक विचारतात, इथल्या मंडळात नव्याने ओळख झालेले विचारतात, ऑफिसातले इंग्रज सहकारी जरा आडवळणाने विचारतात. “सगळं लंडन मजूर पक्षाकडे गेलं आणि तुमचं हॅरो तेवढं हुजूर पक्षाकडे. हे आपल्या लोकांनीच केलं ना?” विचारणाऱ्याच्या सुरात कधी अभिमान असतो, कधी नाराजी. मी दोघांनाही एकच उत्तर देते: थोडंसं हो, पण तुम्ही म्हणता त्या अर्थाने नाही. हे उभ्या उभ्या सांगून होत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

आधी निकाल. ५ मे २०२२ ला लंडनच्या सगळ्या ३२ बरोंमध्ये मतदान झालं. बरो म्हणजे स्वतःची निवडून दिलेली कौन्सिल, आपल्या महापालिकेसारखी, असलेला शहराचा भाग; वायव्य लंडनमधलं हॅरो त्यांतलंच एक. पार्टीगेट प्रकरणात, म्हणजे कोविडच्या निर्बंधांत सरकारी कार्यालयांत झालेल्या पार्ट्यांवरून, तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांना दंड होऊन महिनाही झाला नव्हता आणि वारं हुजूर पक्षाच्या विरोधात होतं. १९७८ पासून त्यांच्या हातात असलेलं वँड्सवर्थ गेलं. १९६४ मध्ये स्थापन झाल्यापासून कधीच न गमावलेलं वेस्टमिन्स्टर गेलं. हॅरोला लागून असलेल्या बार्नेटमध्येही मजूर पक्षाला पहिल्यांदाच स्पष्ट बहुमत मिळालं. आणि हॅरोत ५५ पैकी ३१ जागा हुजूर पक्षाला, २४ मजूर पक्षाला. चारच वर्षांपूर्वी, २०१८ मध्ये, ६३ पैकी ३५ मजूर आणि २८ हुजूर असं चित्र होतं. मधल्या काळात वॉर्डांची फेररचना होऊन जागा कमी झाल्या होत्या, त्यामुळे दोन्ही निकालांची जागेला जागा लावून तुलना करता येत नाही.

पण ‘हॅरो तेवढं’ हेच मुळात खरं नाही. दक्षिणेकडच्या क्रॉयडनमध्ये त्याच दिवशी थेट निवडून द्यायच्या महापौरपदावर हुजूर पक्षाचा उमेदवार आला. क्रॉयडनची तिजोरी २०२० मध्ये इतकी रिकामी झाली होती की कौन्सिलला नवा खर्च थांबवल्याची अधिकृत नोटीस काढावी लागली, आणि तेव्हा सत्तेत मजूर पक्ष होता. टॉवर हॅम्लेट्समध्ये तर ‘अस्पायर’ या स्थानिक पक्षाने मजूर पक्षाला बाहेर काढलं. तिन्ही ठिकाणची वस्ती वेगळी, कारणं वेगळी. समान गोष्ट एकच: लोकांनी आपापल्या कौन्सिलकडे बघून मत दिलं.

आता ‘आपले लोक’. २०२१ च्या जनगणनेत हॅरोतल्या २५.८ टक्के लोकांनी आपला धर्म हिंदू असा नोंदवला. इंग्लंडमधल्या कुठल्याही कौन्सिलच्या हद्दीपेक्षा हे प्रमाण जास्त आहे. देशातली सरकारी अनुदानावरची पहिली हिंदू शाळा २००८ मध्ये सुरू झाली, तीही हॅरोतच. आकडा पाहिला की माणसाला लगेच निष्कर्ष काढावासा वाटतो. पण या पाव भागात कोण कोण आहे ते बघा. युगांडा, केनियातून आलेली गुजराती कुटुंबं आहेत, त्यांची तिसरी पिढी इथे मतदान करते. श्रीलंकेतून जीव मुठीत धरून आलेले तमिळ आहेत. गेल्या वीस वर्षांत आयटीच्या नोकरीवर आलेले आपण मराठी आणि तेलुगू लोक आहोत. या सगळ्यांना एका गठ्ठ्यात बांधून ‘त्यांनी ठरवलं’ म्हणणं मला पटत नाही. आपल्याकडे एखाद्या गल्लीला ती अमुक जातीची म्हणून अमक्या पक्षाची ठरवून टाकतात, तेव्हा आपल्याला राग येतो. तोच राग मला इथेही येतो.

आणि केन्टन रोडचं काय करायचं? या रस्त्याचा बराच भाग म्हणजे हद्द आहे. एका बाजूला हॅरो, समोरच्या बाजूला ब्रेंट. दोन्हीकडची माणसं त्याच दुकानांतून कोथिंबीर आणि फरसाण घेतात, दर्शनाला त्याच नीसडनच्या मंदिरात जातात. वेम्बली, अल्पर्टन ही गुजराती वस्तीची नामांकित ठिकाणंही ब्रेंटमध्येच येतात. त्याच दिवशी ब्रेंटमध्ये मजूर पक्षाला ५७ पैकी ४९ जागा मिळाल्या. सगळं धर्मानेच ठरत असतं तर रस्ता ओलांडल्यावर निकाल इतका का बदलावा? उलट पिनर आणि हॅच एंड हे हॅरोतले हुजूर पक्षाचे जुने बालेकिल्ले. भारतीय मतांची चर्चा सुरू व्हायच्या कितीतरी आधीपासून ते तसेच आहेत, आणि त्या ३१ मध्ये तिथले नगरसेवकही आहेत.

तरीही मी ‘थोडंसं हो’ म्हणते, कारण दुसरी बाजूही खरी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये मजूर पक्षाच्या अधिवेशनात काश्मीरवर जो ठराव झाला, आणि जो अनेकांना भारतविरोधी वाटला, त्याने इथले अनेक भारतीय दुखावले आणि तो विषय पुढे घराघरांत बोलला गेला. २०२३ मध्ये भारतीय वस्ती मोठी असलेल्या लेस्टर शहराच्या कौन्सिलमध्ये हुजूर पक्ष शून्यावरून १७ जागांवर गेला. जुलै २०२४ च्या संसदीय निवडणुकीत हुजूर पक्षाची देशभर धूळधाण झाली, पण हॅरो ईस्टमध्ये बॉब ब्लॅकमन निम्म्याहून जास्त मतं घेऊन निवडून आले. त्या पक्षाच्या दुसऱ्या कुठल्याही उमेदवाराला ते जमलं नाही. हे आकडे नजरेआड करणं अप्रामाणिकपणाचं होईल. माझं म्हणणं एवढंच की ते उत्तराचा एक भाग आहेत, अख्खं उत्तर नाहीत.

उरलेला भाग कंटाळवाणा वाटेल, पण निवडणूक त्याचीच होती. हॅरोचा कौन्सिल टॅक्स, म्हणजे आपल्या घरपट्टीसारखा स्थानिक कर, लंडनमधल्या सर्वांत चढ्या करांपैकी एक. हा कर घराच्या १९९१ सालच्या किमतीनुसार पडलेल्या गटावरून लागतो, आजच्या उत्पन्नाशी त्याचा थेट संबंध नाही. त्यामुळे तीस वर्षांपूर्वी घर घेतलेल्या पेन्शनर आजींना तो जास्त बोचतो. त्यातून होणाऱ्या खर्चाचा सर्वांत मोठा वाटा जातो वृद्ध आणि अपंगांच्या देखभालीवर आणि अडचणीतल्या मुलांच्या संरक्षणावर. ज्यांच्या घरी अशी गरज नाही त्यांना हा खर्च दिसतच नाही. दिसतात ते न उचललेले कचऱ्याचे डबे आणि पार्किंगचा दंड. त्यात २०२० च्या साथीच्या काळात काही गल्ल्या मोठ्या कुंड्या लावून वाहनांना बंद केल्या गेल्या. विचारलं नाही, सांगितलं नाही, म्हणून लोक खूप चिडले आणि पुढच्याच वर्षी त्या योजना गुंडाळाव्या लागल्या. आठ वर्षं सत्तेत असलेल्या पक्षावर हा राग निघणार हे उघड होतं.

मतमोजणीच्या टेबलावर मी काम केलं आहे, त्यामुळे या भागाबद्दल मला जरा जास्त सांगायचंय. हॅरोत एका वॉर्डातून दोन किंवा तीन नगरसेवक निवडून जातात. मतपत्रिका एकच, तिच्यावर सगळे उमेदवार आडनावाच्या अक्षरानुसार, आणि तीन जागांच्या वॉर्डात तुम्हाला तीनपर्यंत फुल्या मारायची मुभा. पुण्यात चार जणांच्या प्रभागात प्रत्येक जागेसाठी वेगळं मत असतं, तसं इथे नाही. आरक्षणही नाही. पहिले तीन आले की संपलं. ज्यांनी तिन्ही फुल्या एकाच पक्षाला दिल्या त्या पत्रिकांचे गठ्ठे पटापट लागतात. उरतात मिश्र पत्रिका. त्यांच्यासाठी मोठा कागद असतो, डावीकडे उमेदवारांची नावं. पत्रिका एकमेकींवर अशा चढवून लावायच्या की प्रत्येकीवरचा फुल्यांचा रकाना तेवढा दिसेल, मग एकेका नावासमोरच्या फुल्या आडव्या मोजायच्या. या पद्धतीला इथे ‘ग्रास स्कर्ट’ म्हणतात. उमेदवारांची माणसं समोर बसून एकेक फुली डोळ्यांत तेल घालून बघत असतात.

कोणी कसं मत दिलं हे मी सांगणार नाही, सांगू शकतही नाही. पण मिश्र पत्रिका असतात आणि त्यांच्यावर निकाल फिरू शकतात. लोक दोन फुल्या एका पक्षाला आणि तिसरी दुसऱ्या पक्षातल्या, आपलं काम केलेल्या माणसाला देतात. एकाच वॉर्डात एकाच पक्षाचे दोघे येतात आणि तिसरा पडतो, ते यामुळेच. अशा मतदाराला ‘व्होट बँक’ म्हणणं हा त्याच्या विचाराचा अपमान आहे.

पुण्याच्या नातेवाइकांना एक गोष्ट मी कळवळून सांगत असे. तुम्ही मला हॅरोबद्दल विचारत होतात, तेव्हा मार्च २०२२ मध्ये मुदत संपलेल्या पुण्याच्या महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. मुंबईतही नव्हता. प्रशासक बसले होते, आणि पुढची निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. रस्त्यावरचा खड्डा दाखवायला निवडून दिलेला माणूसच नाही, अशी जवळजवळ चार वर्षं. याचं मला फार वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं.

प्रश्नाला जोडून आणखी एक प्रश्न हमखास येतो: “पण तुमचा पासपोर्ट तर भारतीय, तुम्हाला मत कसं देता येतं?” येतं. भारत राष्ट्रकुलात आहे आणि इथे कायदेशीररीत्या राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना कौन्सिलसाठीही मत आहे आणि संसदेसाठीही. नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांना आहे, शिकायला आलेल्यांनाही आहे. मंडळात भेटणाऱ्या कितीतरी मराठी मुलामुलींना हे माहीतच नसतं. वर्षानुवर्षं कौन्सिल टॅक्स भरतात आणि यादीत नाव नाही. नाव ऑनलाइन नोंदवता येतं, मतदानाच्या बारा कामकाजाच्या दिवसांआधीपर्यंत. २०२३ पासून इंग्लंडमधल्या मतदान केंद्रांवर फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, आणि त्यासाठी आपला भारतीय पासपोर्ट चालतो. केंद्र सकाळी सातला उघडतं, रात्री दहाला बंद होतं. ऑफिसहून परत येतानाही जाता येतं.