रंग कुठला म्हणालात?

मेकॅनिकनं डिकीतलं कार्पेट उचललं, स्क्रूड्रायव्हरचं टोक हलकंसं दाबलं आणि ते पत्र्यातून आरपार गेलं.

"रंग कुठला म्हणालात?" त्यांनी शांतपणे विचारलं.

बाबांच्या जुन्या स्टेशन वॅगनसाठी माझी यादी तयार होती. गडद हिरवा रंग, अलॉय व्हील्स, सस्पेन्शन जरा खाली. गंजाचा त्यात उल्लेखही नव्हता. मागच्या दाराचं रबर कडक झालेलं. पाणी झिरपून कार्पेटखाली साचत राहिलं आणि वरून सगळं कसं ठणठणीत! टायरची नक्षी तर मला नवीकोरी वाटत होती. त्यांनी कडेवरचे चार आकडे दाखवले: १४०९. म्हणजे टायर बनला २००९ सालच्या चौदाव्या आठवड्यात.

आता आधी रबर, मग सडलेला पत्रा कापून नवा जोडायचा, ब्रेकचे पाइप, टायर. रंग अगदी शेवटी. अलॉयचं तर मी पुन्हा नावच काढलं नाही.

डिकीतल्या प्लास्टिकवर मात्र ताईनं आणि मी पेनानं कोरलेली एक रेघ आहे. ही तुझी बाजू, ही माझी. "हे पॅनल बदलूनच टाकू," ते म्हणाले.

मी नको म्हटलं. तुम्ही बदललं असतं?